कंगोऱ्यांची पट्टी

नौहाटी,
६ डिसेंबर १९९६

झर्ना पोरी,

तुला आणि जावईबापूंना दुवा. पत्र पोहोचलं. इकडे थंडी पडलीय. खजुराचा गूळ बाजारात आलाय, आणि माझा दमा त्याच्याही आधी.

सोळा तारखेच्या विजयदिनाच्या सभेसाठी तुझ्या अब्बांचं आयुष्य तू माझ्याकडून लिहून मागितलंस. लिहितो. ढाक्याला डॉक्टर झाले आणि मोठं इस्पितळ सोडून या चिखलात परतले. इंजेक्शन देताना माणसाला त्याच्या सासूची खबर विचारायचे. तो चिडेपर्यंत सुई टोचून झालेली असे. मला कंपाउंडर त्यांनीच केलं. औषधाच्या बाटलीवर डोसांच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवतात ना, तिला मी साध्या खाचा न मारता अर्धचंद्राचे कंगोरे कापायचो. ते हसायचे. "मोजाहारमियाँ, खोकल्याचं औषध आहे हे, नवरीची ओढणी नव्हे!"

अजून काय लिहू? गाणं बेसूर म्हणायचे.

नाही पोरी, टाळतोय मी.

एकाहत्तर साली नदीपलीकडच्या वाळूच्या बेटावर मुक्तिवाहिनीची जखमी पोरं लपली होती. अब्बा त्यांना औषधं पाठवायचे. मला बजावलं होतं, "बाटली कोरी हवी. पट्टी नाही, नाव नाही. कितीदा घ्यायचं ते नावाडी तोंडी सांगेल."

कोरी बाटली मला उघडीवाघडी वाटायची. एकीवर मी पट्टी लावलीच, कंगोऱ्यांची. निव्वळ हौस.

आठ दिवसांनी भर दुपारी पाकिस्तानी कॅप्टन बेटावर सापडलेली तीच बाटली घेऊन दवाखान्यात आला. सोबत लष्कराला साथ देणाऱ्या शांती कमिटीचा बजलूर. "साहेब, ही नक्षी इथलीच. गावात कुणालाही विचारा," तो म्हणाला.

कॅप्टननं बाटली टेबलावर ठेवली. "कुणी कापलं हे?"

मी म्हणालो, "डॉक्टरसाहेब स्वतः कापतात."

त्यानं मला धमकावलंही नव्हतं, झर्ना. शिपाई बाहेर अंगणात होते. तरी मी बोललो. ज्या माणसाला स्वतःची नखं धड कापता येत नव्हती, त्याच्याबद्दल.

अब्बांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग कॅप्टनला म्हणाले, "हो, मीच. हा नुसत्या बाटल्या धुतो." जाताना चष्मा पुसत मला म्हणाले, "बाकावरच्या म्हातारीचं पोटाचं औषध राहिलंय रे. देऊन टाक."

मी दिलं. बाटली हलवून दिली. वीटभट्टीकडून गोळीचा आवाज आला तेव्हा म्हातारी मला विचारत होती, जेवणाआधी घेऊ की नंतर.

लष्करानं नेलं, एवढंच मी पंचवीस वर्षं सांगत आलो. तुझी अम्मा ईदला पहिलं ताट मला वाढायची. म्हणायची, "शेवटी तुम्हीच होता त्यांच्याजवळ." मी मान खाली घालून जेवायचो. तिला वाटायचं, दुःखानं. ती लाज होती. अम्मा वारली तेव्हा मला आधी सुटल्यासारखं वाटलं, आणि मग स्वतःची शिसारी आली.

सभेत मला शाल घालणार आहेत म्हणे. त्याआधी हे पत्र मोठ्यानं वाच. माझं नाव गाळू नकोस. मी पहिल्या रांगेत बसेन, लोक काहीही म्हणाले तरी उठून जाणार नाही. माफी मागायला हवी, पण ती द्यायची पाळी तुझ्यावर आणायचा मला हक्क नाही.

तुझे अब्बा ज्याच्या जागी गेले, तो
मोजाहार अली