बारा शब्द आणि डावा हात

प्रिय शिवम,

अक्षर ओळखू येणार नाही. उजवं मनगट तू माझ्याच दुकानातल्या लोखंडी स्टुलानं मोडलंस, म्हणून हे डाव्या हातानं लिहितोय. फोन केला असता तर शिव्या घालून ठेवून दिला असतास. सोमवारी तुला लातूरला सायबर पोलिसांनी बोलावलंय, त्याआधी हे शेवटपर्यंत वाच.

तुझा राग माझ्या ओळखीचा. शाळेत माझी टोपी उडवणाऱ्या पोराचे दोन दात तूच पाडलेस, तेव्हा तो राग मला गोड वाटला होता. परवा औशाच्या माझ्या मोबाईल दुकानात शिरलास तो त्याच डोळ्यांनी. काउंटरची काच फुटली, माझं तोंड रक्तानं भरलं, अम्मी मध्ये पडली तर तिलाही ढकललंस. तेवढं मी विसरणार नाही. "माझे कॉइन ज्यानं नेले त्याला जित्ता सोडत न्हाई," हे सगळ्या बाजारानं ऐकलं. तुझं ते क्रिप्टोचं, मोबाईलमधल्या आभासी पैशाचं खातं मी उघडून दिलं होतं, म्हणजे चोर मीच!

अरे, चोर मेलमधून आला. खातं आज बंद होणार, वाचवायचं तर बारा शब्द भरा, असा मेल. नाव कंपनीचंच, पण पत्ता नीट बघितला तर शेपूट भलतंच. ते बारा शब्द म्हणजे तिजोरीची किल्ली, खरी कंपनी ते कधीच मागत नाही. घाई करून किल्ली मागतो तो चोरच. मेलमधल्या लिंकला बोट लावायचं नाही, आपलं ॲप आपण उघडून बघायचं, हे तुला किती वेळा सांगितलं होतं. आता पैसे परत मिळवून देतो म्हणणारे मेल येतील, तेही तसलेच.

पण हा मेल तू उघडलाच नव्हतास. जुना मोबाईल तू गावी घरी देऊन टाकलास आणि तुझा मेल त्यात तसाच चालू राहिला. बारा शब्दांचा कागदही विश्वासानं तिथंच ठेवलास.

दवाखान्यात शेषेरावकाका आले होते. तुझे वडील असे रडताना मी कधी पाहिले नव्हते. "पोराचं बुडू नये म्हनून एकेक अक्षर जुळवून भरलं रे. तू मार खाल्लास, तरी त्याच्या भ्यानं माझं तोंड उघडंना." मी पोलिसांना गाडीवरून पडलो म्हणून सांगितलंय. पण तो मेल कोणत्या मोबाईलवर उघडला, हे सोमवारी ते तुला सांगतील, आणि तू तसाच घराकडे निघशील. सत्तरीचं हाड आहे शिवम, मोडलं की जुळत नाही. हात उचलायचाच असेल तर वाटेत औशाला उतर. माझा डावा अजून धड आहे.

तुझाच,
वकार