अंगुस्तानाचा राजा

सोमवार, ३
सामान पोचलं. हमाली चाळीस, पडद्यांचं कापड बावीस. कारखान्याकडून बुद्धिबळाचं यंत्र आलं, त्याचा खर्च त्यांचाच. घरही त्यांचंच, भाडं नाही. देवाने डोळे उघडले म्हणायचे. हे जन्मभर घड्याळं दुरुस्त करत आले. आता काम एवढंच, की अर्ध्यावरून मांडून दिलेला डाव यंत्र रोज दहा वाजता पांढऱ्याकडून पुढे खेळणार, यांनी लगेच काळ्याकडून एक चाल करायची आणि वहीत लिहायची. पेटीत काळा राजाच नव्हता. नवा मागवला तर साठ, वर टपालखर्च. मी माझं शिवणाचं पोलादी अंगुस्तान त्याच्या जागी ठेवलं. पटाचा दिवा लगेच लागला! वन्सं, म्हणजे यांची थोरली बहीण, आमच्याकडेच असतात. म्हणाल्या, वीस वर्षं सुया खाल्ल्या बिचाऱ्याने, आता राज्य मिळालं. साठ वाचले.

मंगळवार, ४
काचेवर आकडा आला, १९. एकोणीस चालींत मात, आपण काहीही करा. मला पटेना, तेव्हा यांनी समजावलं. यंत्राला दर वेळी स्वतःची एकच चाल हवी असते, पण आपल्या प्रत्येक उत्तरावर त्याच्याकडे तोड पाहिजे. साधी चाल केली तर आपल्याला तीस वाटा. शह दिला की दोन-तीनच. म्हणून ते शहामागून शह देतं, आणि त्या अरुंद बोळातून माणसाला दिसत नाही इतकं लांबचं बघतं. वन्सं म्हणाल्या, म्हणजे आमच्या आईसारखंच की, कुठूनही बोला, शेवटी चूक आपलीच. हे म्हणाले, आई निदान मध्ये जेवायला तरी वाढायची.

रविवार, ९
१४. अंगुस्तान पटाच्या मध्यावरून कडेला ढकललं गेलंय. आज पुढचा रस्ता पाइपांसाठी खणला, पुढचं दार बंद. मागच्या दाराने ये-जा. तेवढंच अंगण झाडून होतं.

गुरुवार, १३
काल वीज वाचावी म्हणून मी यंत्राची वायर काढली होती. कुणी चाल केली नाही. आज लावली तर आकडा १०. बरोबर एकाने उतरलेला. अंगुस्तानही एक घर सरकलेलं. यांना विचारलं, वन्संना विचारलं, कुणी हात लावला नव्हता. काल मागची भिंत मात्र पडली. दारापुढे ढिगारा. आता बाजूच्या पायऱ्या तेवढ्या उरल्या.

मी देवापुढे जास्त वेळ बसले.

रविवार, १६
७. शह होता. हे म्हणाले, मध्ये हत्ती घालू, मरेल, पण लांबेल तरी.

सोमवार, १७
दहाला यंत्राने हत्ती मारला. त्याच वेळी मी बादली घेऊन पायऱ्या उतरायला निघाले होते. वन्संनी हातातून ओढून घेतली, म्हणाल्या, तुझे गुडघे कुठे धड आहेत. तिसरी पायरी निखळली —

मंगळवार, १८
वन्सं गेल्या.
हे म्हणतात, मध्ये घातलेलं मोहरं नुसतंच जातं, शेवट बदलत नाही. यांना वाटतं यंत्र यांनाच राजा समजतंय. खेळणारे हेच ना. मला काही सुचत नाही. यांना काही झालं तर —
५.

गुरुवार, २०
३. निघून जायचं ठरलं. उद्या सकाळी, घरातल्या बाजूच्या बोळातून. पायऱ्यांवर फळी टाकलीय. आजचा शह मीच सोडवला, यांना पटाजवळ येऊ दिलं नाही. यांना वाचवायला घोडा मध्ये घातला.

शुक्रवार, २१
सामान घेऊन बोळात आलो. दहाचे टोले पडत होते. बोळातलं कपाट माझ्यावर कललं. यांनी मला ढकललं.
माझा फक्त पाय अडकला. हे —
पटावर घोडा नाही.
शेजारच्या सुताराने मला उचलून पटाच्या खोलीत ठेवलं, यांचा देह खिडकीतून बाहेर काढला. माझा पाय मोडलाय, डॉक्टर आणि स्ट्रेचर उद्या दहाला आणतो म्हणाला. मी म्हटलं, आधी आणा. तो म्हणाला, वहिनी, आधी जमतच नाही.
२.

शनिवार, २२
पावणेदहा. १.
अंगुस्तान कोपऱ्यात आहे. त्यावरच्या खुणा माझ्या सुईच्या. आतला आकार माझ्या बोटाचा. यांचा कधीच नव्हता.
काढून घेतलं. आकडा हलत नाही.
पोस्टमन खिडकीशी येईल, त्याच्या हाती द्यायला हे पान फाडते —

कारखान्याचे व्यवस्थापक यांस,
काळा राजा ताबडतोब पाठवावा. किंमत लागेल ती देईन. साठ, सहाशे, काहीही. तो येईपर्यंत हार मान्य करायची काही सोय असेल तर कृपा करून उलट टपाली कळ