कमरेची उजवी बाजू

चंदीगड, मंगळवार, संध्याकाळी साडेसात

होल्स्टर घेतलं एकदाचं. फौजेत पिस्तूल उघडं लटकायचं. उद्यापासून बिल्डरसाहेबांच्या अंगरक्षकाची नोकरी, तिथे ते शर्टाखाली लपायला हवं. मऊ चामड्याचं आहे, उजव्या कमरेला पँटच्या आत बसतं. दुकानदाराने तीनदा उठायला-बसायला लावलं. "झुको जी, बैठो जी. चुभता तो नहीं?" खरंच, कुठेही टोचत नाही. सुनंदालाही शर्टावरून काही दिसलं नाही.

मग स्कूटरवर निघालो. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, मागे बसली की तिचा हात माझ्या उजव्या कमरेवर असतो. आज तिने मागची दांडी धरली.

"अगं, रिकामं आहे ते."

"माहितीय. तुम्ही समोर बघा."

सेक्टर त्रेचाळीसच्या चौकात मी मुद्दाम जोरात वळवली. तरी हात आला नाही. या वयात असला पोरकटपणा का केला मी?

डाव्या बाजूचं बदलून घ्यावं का? पण माझा हात उजवा... दुकानात चामडं दहा वेळा दाबून पाहिलं, तू कुठे धरशील हे तिला एकदाही विचारलं नाही.

टोचत नाही, हे खरं. पण घरी येईपर्यंत तीच बाजू रिकामी वाटत राहिली.