राणी घरी पोचते का

प्रिय हिल्डाताई,

खोकला कसा आहे? नर्सशी भांडतेस म्हणजे प्रकृती स्थिर आहे, असं मी समजतो.

तुझ्या आज्ञेवरून लीड्सच्या वाचक-मेळ्याला गेलो. सहीच्या रांगेत पुढे ड्रॅगनच्या वेषातला एक पोरगा होता. "आजोबा, शेपटीवर पाय नको, भाड्याची आहे!" पन्नाशीत आजोबा झालो.

सही घेताना तुझ्या लाडक्या कादंबरीमालेच्या लेखिकेला एक प्रश्न विचारता येतो. मी तुझाच विचारला. "बाई, राणी ऑरवेना शेवटी घरी पोचते का? ताई फार आजारी आहे, सातव्या खंडापर्यंत थांबणं तिला जमेलसं दिसत नाही."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "मीच तिला समुद्रापार नेलं हो. परतीची वाट मलाच सापडत नाही. सातवा खंड होणार नाही."

हे लेखक राज्यं, भाषा, जोडीचे चंद्र लीलया निर्माण करतात. एका बाईला घरी आणताना मात्र हात टेकतात.

गाडीत बसून तुझ्यासाठी एक गोड शेवट रचला होता. पण सहाही खंड तुला मुखोद्गत. दुसऱ्या वाक्यालाच पकडलं असतंस. म्हणून खरं लिहिलं.

जेवण जातं ना? रविवारी येतो. वाचायला पहिला खंड आणू का? त्यात ती अजून घरीच आहे.

तुझा आज्ञाधारक (नाइलाजाने) धाकटा भाऊ,
सिरिल