हवेला शीग नसते

चि. जयवंता पोरी,

तू गोठ्यात पेंढ्यामागे लपली आहेस हे मला ठाऊक आहे, म्हणून हाका मारत नाही. सायकलचं फुटलेलं मागचं चाक घेऊन मी कर्जतला ठिगळ लावायला चाललो आहे. दुपारपर्यंत येतो.

कोणी रागावलेलं नाही. आवाज झाला तेव्हा आजीने "बंदूक कुनी उडवली रं?" म्हणत दाराला आतून कडी घातली. मी बाहेरच आहे हे तिला बऱ्याच वेळाने आठवलं. वाल्मिककाका खाटेखाली शिरला होता. आता म्हणतो, वहाणा शोधत होतो. त्याच्यासमोर हसू नकोस.

पाहुण्याला तांदूळ मोजताना पायली काठोकाठ भरली तरी वर ढीग रचून शीग लावावी, हे मीच तुला शिकवलं. तू हवाही तशीच भरलीस! उद्या आपल्या दोघांना खालापूरला आत्याकडे बारशाला जायचं, म्हणून वर आणखी थोडी. पण गं, तांदूळ जास्त झाले की सांडतात, हवा आतच कोंडते. मधूनमधून टायर अंगठ्याने दाबून पाहायचा. कैरीइतका घट्ट लागला की थांबायचं.

दुकानदार दांडीला अडकवायचा छोटा पंप देत होता. मी पायांत धरायचा उभा पंप घेतला, कारण त्यावर तुला सगळं अंग टाकून दाबता येतं. यापुढे पंपाला शिवणार नाहीस, असं आजीला सांगितलंस म्हणे.

भाकरी शिंक्यात आहे, पंप ओटीवर. पुढच्या चाकातली हवा मी जाताना सोडून दिली आहे. ती भरायला काकाला पंपाला हात लावू देऊ नकोस.

तुझे आजोबा