तुझ्या धाकट्याचा एकच शब्द

आई, तुझा धाकटा आता एकच शब्द बोलतो. टेन्शन. पाणी हवं असलं तरी टेन्शन, पंखा बंद करायचा असला तरी टेन्शन, बायको दिसेनाशी झाली की टेन्शन, आणि ती समोर आली की हसून पुन्हा तेच. त्याचं उजवं अंग गेलं त्याला दोन वर्षं होत आली. मेंदूत जिथे बोलणं असतं नेमका तिथेच रक्तपुरवठा तुटला, असं डॉक्टर म्हणाले. बाकीचे सगळे शब्द गेले आणि हा एवढा उरला. का उरला ते त्यांनाही सांगता येत नाही. माणूस जन्मभर जे बडबडतो तेच शेवटी जिभेला चिकटून राहत असावं. तुला मात्र तो शब्द कधीच आवडला नाही.

मखमलाबादच्या घरात तू चुलीपाशी भाकरी थापते आहेस. तो कॉलेजातून येतो, पिशवी फेकतो आणि म्हणतो, "आई, लय टेन्शन आलंय." तू मान वर न करता विचारतेस, "कुठून आलं? पोटात आलं का डोक्यात?" आम्ही दोघं हसलो होतो. तू नाही हसलीस. "दात काढू नका. भ्या वाटतं म्हण, नायतर काळजी लागली म्हण. मला कळाया नको, तुला काढा देऊ का जवळ घेऊ?" तुझ्याकडे प्रत्येकाला वेगळा शब्द होता. आभाळ भरून आलं की मळ्यातल्या शेवंतीची धास्ती. माझ्या लग्नाचा घोर. बाबा नाशकात गंगेवरच्या फुलबाजारातून वेळेवर परतले नाहीत की जिवाची घालमेल. कुणाला वाकडं बोललीस की रात्रभर चुटपुट, आणि मावशी परत गेली की हुरहुर. आम्ही शहाण्यांनी ते सगळं एका पोत्यात कोंबलं. आता आमच्या ऑफिसात टेन्शन येतं, साहेब ते देतात, आम्ही ते घेतो, आणि जेवणाच्या सुट्टीत एकमेकींना सांगतो की घेऊ नकोस. तुझा घोर असा देता-घेता येत नव्हता. तो नुसता लागायचा आणि ज्याला लागायचा त्यालाच पुरायचा.

तू गेल्यावर फुलांचा गाळा त्यानेच चालवला. गिऱ्हाइकाशी त्याचं बोलणं म्हणजे या एका शब्दाचा कारखाना. "टेन्शन नाय घ्यायचं मावशी, सांजच्यापर्यंत हार सुकला तर मला येऊन बोला." लग्नाची सजावट असो की कुणाची अंत्ययात्रा, "टेन्शन नाय, पोचतील फुलं." त्याची बायको तू पाहिली नाहीस. फार चांगली आहे, तुला थोडी फटकळ वाटली असती. त्याला झटका आला तेव्हा मी एकटीच राहत होते, म्हणून या दोघांकडे राहायला आले ती इथलीच झाले. आम्ही दोघींनी त्या शब्दाचे सूर पाठ केले. खाली उतरणारं टेन्शन म्हणजे पाणी, लांबवलेलं म्हणजे संडासला न्या, तुटक म्हणजे राग. त्याने तोंड उघडायच्या आत आम्ही वस्तू पुढे करायचो. मला त्याचा अभिमानच वाटायचा. तू म्हणायचीस ना, लेकराला मागाया लावलं तर आई कशाला.

बोलण्याचे व्यायाम घेणाऱ्या मॅडमनी आमचा तो अभिमान उतरवला. "तुम्ही सगळं ओळखता ना, म्हणून त्यांना शब्द शोधायची गरजच पडत नाही. पाण्याचा ग्लास हातात धरा, पा म्हणा आणि थांबा. लगेच देऊ नका." मग आम्ही थांबायला लागलो. त्याची बायको ग्लास घेऊन त्याच्यासमोर बसते. "काय पाहिजे? बोला ना. पा..." तो डाव्या हाताने ग्लास दाखवतो, टेन्शन म्हणतो. ती न कळल्यासारखं करते, मीही करते. त्याला ठाऊक असतं की आम्हाला कळलंय. मग तो ओठ मिटून भिंतीकडे तोंड फिरवतो, आणि तशा वेळी मला माझीच किळस येते.

महिनोन्‌महिने हे केलं. गेल्या आठवड्यात ती त्याची चाकाची खुर्ची बाहेर नेत होती तेव्हा मॅडमनी मला मागे थांबवलं. म्हणाल्या, "यायचं ते पहिल्या वर्षात बरंचसं येतं. आता फार काही येईल असं मला वाटत नाही. त्यांच्या मिसेसना तुम्हीच जरा सांगा." रिक्षात तिने विचारलं, "ताई, मॅडम काय म्हणल्या?" मी म्हटलं, "करत राहा म्हणाल्या."

परवा ती गाळ्यावर गेली होती. ऊन मी म्हणत होतं. त्याने खाली उतरणाऱ्या सुरात टेन्शन म्हटलं. मी ग्लास धरला, पा म्हटलं, आणि मला पुढे थांबवेना. दिलं पाणी. डाव्या हाताने माझं मनगट धरून तो घटाघटा प्यायला. संध्याकाळी ती आली, हात झेंडूने पिवळे, आणि पायरीवरूनच रोजच्यासारखं विचारलं, "बोलले का काही?" मॅडमचं बोलणं सांगायची तीच वेळ होती. मी म्हणाले, "पाणी म्हणाला." तो तसं काहीच म्हणाला नव्हता, आई. ती तिथेच पायरीवर बसून रडली, मग हसली, मग माहेरी फोन लावला. इतक्या दिवसांत मी तिला असं पाहिलं नव्हतं. माझ्याकडे तिला द्यायला दुसरं काही नव्हतं.

आता ती ग्लास सोडत नाही. "एकदा आलाय ना शब्द, परत येणार. आता लाड नाय करायचे, ताई." आज सकाळी ती त्याच्यासमोर किती तरी वेळ उभी होती. तो तिच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होता आणि टेन्शन, टेन्शन म्हणत होता. त्याचे ओठ सुकले होते. तिला खरं सांगितलं तर ती पुन्हा पाणी देईल, पण मग वाट कशाची बघेल? आणि नाही सांगितलं तर तो रोज तहानेला राहील. दोन्हीकडून त्याला शब्द काही मिळणार नाही, हे मला कळतं. हे तुला पोहोचणार नाही म्हणूनच लिहिता येतंय.

ती फुलं तोडायला गेली की मी त्याला चोरून पाणी पाजते.