परमेश्वर सांगलीला गेलाय

नांदूरघाटाजवळची वस्ती,
ता. केज, जि. बीड
मार्चचा दुसरा आठवडा, गुरुवार

ती. मोहिनी आत्या हिला,

भाचा अनुग्रह याचा मनापासून जय ख्रिस्त. (‘ती.’ म्हणजे तीर्थरूप. आपल्या लोकांनी आत्याला तीर्थरूप लिहावं की नाही, यावर मी आणि माझा इथला सोबती थियोफिल यांनी पाऊण तास खल केला. म्हणजे मी बोललो आणि त्याने ऐकलं. शेवटी ठरलं की लहानपणी तुझ्या हातचा मार खाऊन जेवढं पदरात पडलं तेवढं कुठल्या तीर्थाला जाऊनही पडलं नसतं, तेव्हा राहू द्यावं.) तुझा गुडघा कसा आहे? साखर किती आहे ते विचारत नाही, कारण तू खरं सांगणार नाहीस. चाळीस वर्षं दवाखान्यात नर्स म्हणून लोकांना पथ्य सांगितलंस आणि स्वतः नाताळच्या करंज्या ईस्टरपर्यंत पुरवून खातेस. चर्चच्या गायनात अजून तुझ्या वरच्या पट्टीत जायची कुणाची छाती होत नाही ना? इथे आम्ही दोघेही प्रभूच्या कृपेने आणि दगडाबाईंच्या भाकरीने ठणठणीत आहोत.

रविवारी आमचा सेवाकाळ संपतो. ‘चार महिने माणसांत राहून ये, अंगाचा पुस्तकाचा वास तरी जाईल,’ असं म्हणून तूच मला धाडलंस, तेव्हा हिशेब तुलाच द्यायला हवा. दिवाळी झाल्यावर आम्ही दोघे एसटीतून उतरलो. सोबत पुस्तकांच्या तीन पेट्या, एक ढोलकी आणि बीडच्या पास्टर सोमेश्वरांनी दिलेली सूचनांची वही. बघतो तर फाट्यावर ट्रॅक्टर उभे आणि ट्रॉलीत भांडी, गोधड्या, कोयते, कोंबड्या, बाया, लेकरं असं सगळं चढत होतं. ज्या गावाला सुवार्ता सांगायला आलो, ते गावच आमच्या डोळ्यांदेखत ऊसतोडीला निघालं होतं. वहीत पहिली सूचना होती, ‘लोकांकडे पाहून प्रसन्नपणे हसा.’ आम्ही हसलो. मुकादमाला वाटलं, हे दोघे नवीन गडी. तो ओरडला, ‘चढा की बे!’ आणि थियोफिलने एक पाय ट्रॉलीत टाकलासुद्धा. (या पोराला कुणालाच नाही म्हणता येत नाही. खरं तर हो सुद्धा म्हणता येत नाही, तो बोलतच नाही.) मी बॅगेला धरून त्याला मागे ओढलं, नाहीतर आज तो सांगलीला मोळ्या बांधत असता.

मागे राहिली म्हातारी माणसं, काही लेकरं आणि कुत्री. थियोफिल हे नाव म्हाताऱ्यांच्या कवळीत बसेना, म्हणून दोन दिवसांत त्याचं ‘तुफान सर’ झालं. एवढं शांत तुफान मराठवाड्यात कुणी पाहिलं नसेल. तर मी आणि तुफान सर वही घेऊन पहिल्या घरी गेलो. ओसरीवर साठीच्या एक बाई ज्वारी निवडत बसल्या होत्या. याच दगडाबाई. वहीत ओळीने विचारायचे तीन प्रश्न होते. मी घसा साफ केला.

‘आजी, परमेश्वराला ओळखता का तुम्ही?’

‘वळखत न्हाई तर! म्याच जलम दिलाय त्याला.’

आत्या, वहीत याच्यावर काही उत्तर नव्हतं. मी घाईघाईने पुढच्या प्रश्नावर गेलो. परमेश्वर तुमच्यावर किती प्रेम करतो, ठाऊक आहे का?

‘करतोय की. पर लगीन झाल्यापसून जरा कमी.’

तिसरा प्रश्न असा होता की, तो या क्षणी इथे आपल्यात आहे असं वाटतं का. तोही मी विचारला. (अडकलेली गाडी कधीकधी रेटूनच निघते.)

‘हितं कुठून आसंल? सांगलीला गेलाय सूनबाईला घिऊन, ऊस तोडायला. तुमी त्याच्याकडून आलाव का?’

आता तूच सांग, याला काय म्हणायचं? मी विचार करत होतो तेवढ्यात तुफान सरांनी मान डोलावली. हो म्हणून. (धर्मशास्त्राच्या दृष्टीने त्याचं काहीच चुकलं नव्हतं.) लेकाचे मित्र आले म्हणून दगडाबाईंनी चहा ठेवला, लेकाची खोली उघडून दिली आणि आमच्या पेट्या आत गेल्या. गैरसमज दूर करायला मला पंधरा दिवस लागले, कारण रोज सकाळी सांगायचं ठरवायचो आणि रोज सकाळी गरम भाकरी समोर यायची. अखेर सांगितलं, तेव्हा त्या तवा उतरवत म्हणाल्या, ‘आसू द्या. ह्या परमेश्वरानं न्हाई तर त्या परमेश्वरानं, कुणीतरी धाडलंय न्हवं?’ चार महिन्यांत एवढं नेमकं प्रवचन माझ्या तोंडून एकदाही निघालं नाही.

मग आमची सेवा काय, तर फोन लावून देणे. प्रत्येक घरात एक मोबाइल आणि प्रत्येक म्हातारीचं लेकरू दूर कुठल्यातरी फडात. व्हिडिओवर बोलायचं म्हटलं तरी सवयीने फोन कानाला. त्यामुळे तिकडे पश्चिम महाराष्ट्रात निम्म्या टोळ्यांना रोज आईचा कान दिसायचा. आम्ही फोन धरायचो, चार्ज करून द्यायचो, आणि ‘जेवलास का’ हा एकच प्रश्न अकरा वेळा विचारला जाईपर्यंत हात दुखत असला तरी हलवायचो नाही. संध्याकाळी मागे राहिलेल्या लेकरांचा अभ्यास घ्यायचो. पास्टर सोमेश्वरांना भरून द्यायच्या अहवालाच्या फॉर्ममध्ये यासाठी रकानाच नाही.

जानेवारीत एका दुपारी विजयसिंह दादा चार माणसं घेऊन आले. गावातली मोठी जमीन त्यांची, पंचायत समितीत दोनदा निवडून आलेले, आणि मिशा अशा की आपण आपोआप उभे राहतो. त्यांनी शांतपणे विचारलं, ‘लोकांला बदलायला आलाव का तुमी?’ अशा प्रसंगी काय बोलायचं ते मी महिनाभर आरशासमोर घोकलं होतं. ऐन वेळी वहीतली पहिली सूचना तेवढी पाळली, प्रसन्नपणे हसलो. खरं सांगतो आत्या, मी भ्यालो होतो. चौघांपैकी एकाने आमची पुस्तकं चाळायला घेतली होती. तेवढ्यात पिठाच्या हातांनी दगडाबाई बाहेर आल्या.

‘कावून रं विजयसिंह, मला बदलतेत म्हणतोस व्हय? दोन महिने झाले म्या ह्यांला सांगायलेय, जेवल्यावर ताट उचलून मोरीत ठिवा. बदलले का हे? ह्यांला ताट हलवता येईना, हे मला काय हलवतेत?’

चौघे फस्सकन हसले. दादा हसले नाहीत, मग हसले, मग ओसरीवर बसून चहा प्यायले. जाताना एक गोष्ट मात्र त्यांनी ठणकावली: लेकरांचे आईबाप घरी नाहीत, त्यांच्या माघारी लेकरांना तुमची गाणी शिकवायची नाहीत, पाढे शिकवा. मला आधी राग आला. मग रात्रभर वाटलं की माझं लेकरू असं मागे राहिलं असतं तर मीही हेच म्हटलं असतं. ढोलकी पेटीमागे ठेवली. पाढे मात्र अठ्ठाविसापर्यंत नेले, आणि त्यात माझेही पक्के झाले.

आता मुख्य गोष्ट. फेब्रुवारीत एकदा दगडाबाई सकाळी हरभऱ्याची भाजी खुडायला शिवारात गेल्या त्या जेवणवेळ टळली तरी आल्या नाहीत. आम्ही दोघे दोन वाटांनी धावलो. उन्हाचा तडाखा होता आणि आसपास एक विहीर बिनकठड्याची होती. विहिरीत आधी मी वाकून पाहिलं. पाणी हलत नव्हतं. मग बांधावर नजर गेली, तर त्या बाभळीखाली ओच्यात भाजी घेऊन बसलेल्या आणि तुफान सर त्यांच्यापुढे तीन हातांच्या अंतरावर उभे. मी हाक मारली तशी त्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं आणि म्हणाल्या, ‘अनुग्रह व्हय? बरं झालं आलास. एकटाच आलास का? तुफान सर कुठंय?’

आत्या, तो समोर उभा होता. तिच्या पुढ्यात. त्याची सावली तिच्या पायांवर पडली होती.

मला एकदम सगळं कळलं. चहा कपाबाहेर सांडायचा, व्हिडिओवर ती भलतीकडेच बघून बोलायची, आणि आम्ही खेडवळपणा समजून हसायचो. ती माणसं आवाजावरून ओळखत होती, आणि हा बाबा तर आवाजच करत नाही. तिला बांधावरची वाट सापडली नव्हती, म्हणून कुणी येईपर्यंत बसून राहिली होती. मी काही बोलायच्या आत थियोफिल खाली बसला, तिचा हात धरला आणि म्हणाला, ‘आजी, मी इथेच आहे.’ तोवरचं त्याचं सगळ्यात लांब वाक्य. तिने त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, ‘आगं बया, तुला मिशा हायेत व्हय!’

त्या दिवसापासून तुफान सरांचं तोंड बंद होत नाही. अंगणात पाय ठेवला की सुरू: आजी, मी आलो. आजी, मी चप्पल काढली. आजी, मी रांजणापाशी आहे, पाणी पितोय. मला पूर्वीची शांतता आठवून कधीकधी गहिवरून येतं.

तिने आम्हाला शपथ घातली की परमेश्वरला सांगायचं नाही. कळलं तर तो कोयता टाकून पळत येईल आणि सीझन अर्ध्यावर मोडेल. मी तीन दिवस कसंबसं तोंड आवरलं आणि चौथ्या दिवशी फोन करून सांगून टाकलं. परमेश्वर पलीकडे इतका रडला की त्याच्या बायकोने, करिष्माने, फोन घेतला. ती म्हणाली, ‘सर, मोतीबिंदू आसंल तर आपरेशन करून टाका. आमी सीझन उरकला की येतावच. पर त्या तुमचं ऐकणार न्हाईत, सांगून ठिवते.’ करिष्मा सासूला पुरती ओळखून आहे. शपथ मोडली म्हणून दगडाबाई माझ्याशी तीन दिवस बोलल्या नाहीत. भाकरी द्यायच्या, पण ताट थियोफिलकडे सरकवून ‘त्याला दे’ म्हणायच्या. दवाखाना म्हटलं की उठून जायच्या. ‘परक्याच्या दारात उपकारासाठी जायची न्हाई म्या,’ यापुढे गाडी सरकेना.

काल शाळेच्या वऱ्हांड्यात आम्हाला निरोप दिला. विजयसिंह दादांनी नारळ दिला आणि मला बोलायला सांगितलं. खिशात अठरा पानांचं प्रवचन होतं, चार महिने घासून घासून तयार केलेलं. समोर पाहिलं, तर ज्यांच्या हातात मी रोज फोन धरला ती सगळी तोंडं. मी एवढंच म्हणालो, ‘आम्ही इथं राहिलो. तुम्ही राहू दिलंत.’ आणि खाली बसलो. म्हाताऱ्यांतले बंकट आबा म्हणाले, ‘लई ब्येस बोलला. थोडकं.’ प्रार्थना मात्र करायला लावली. दगडाबाईंनीच. म्हणाल्या, तुमच्या पद्धतीनं करा, आमी डोळे मिटून बसताव, आमचं काय जातंय. मी प्रार्थना केली, आणि आमेनच्या वेळी शेजारच्या साखराबाई ‘पांडुरंग’ म्हणाल्या. मला ते कानाला जराही खटकलं नाही. खटकायला हवं होतं का, ते तू सांग.

पास्टर सोमेश्वरांचा फॉर्म भरतोय. ‘सेवेचे फळ’ या रकान्यापाशी तासभर पेन धरून बसलो होतो. सगळ्यांना माझा नमस्कार आणि तुझ्या मांजरीला थोपटणं.

तुझाच,
अनुग्रह

ता. क. १: तुझ्या जुन्या दवाखान्यात डोळ्यांचे डॉक्टर सोमवारी असतात ना? दगडाबाईंचं ऑपरेशन तिथेच करावं म्हणतो. पंधरा दिवस त्या तुझ्याकडे राहतील. मी आधी विचारायला हवं होतं, पण आधी विचारलं असतं तर तू आधी घर आवरायला घेतलं असतंस आणि पावसाळा लागला असता.

ता. क. २: उपकार घ्यायला त्या तयार नव्हत्या, म्हणून मी एक खोटं बोललो. प्रभू क्षमा करो, तूही कर. मी सांगितलंय की माझ्या आत्याला एकटीला घर खायला उठतं, गुडघ्याने बेजार आहे, कुणीतरी चार दिवस येऊन तिला सांभाळायला हवं. तेव्हा त्या लगेच उठल्या आणि पिशवी भरायला लागल्या. म्हणजे त्या तुझ्यावर उपकार करायला येत आहेत. कृपा करून थोडी लंगड. सोबत ज्वारीचं पीठ आणत आहेत, कारण तुमच्या श्रीरामपूरच्या पिठावर त्यांचा विश्वास नाही. नको म्हणू नकोस.

ता. क. ३: हे मी सुरुवातीलाच लिहायला हवं होतं. हे पत्र टपालाने येणार नाही. शुक्रवारी थियोफिल त्यांना घेऊन निघतोय आणि पत्र त्याच्याच हातात दिलंय. तुझी सवय मला माहीत आहे, पत्र हातात पडलं की तू उंबऱ्यातच वाचायला लागतेस. म्हणजे एव्हाना त्या दोघांना बाहेर उन्हात उभं राहून दहा मिनिटं तरी झाली असतील, आणि प्रवासात थियोफिलचं बोलणं संपलं असेल. आता कागद खाली ठेव आणि मोठ्याने काहीतरी बोल. तू दारात आहेस हे दगडाबाईंना अजून कळलेलं नाही.